चाकू जमवणाऱ्या जोडीदारासाठी चाकू निवडताना

आमच्या कोथरूडच्या घरात माझ्या पतींच्या चाकूंसाठी एक सागवानी कपाट आहे. त्याला सहा उथळ खण आहेत आणि सर्वांत खालच्या खणात, अगदी मागे, मऊ कापडात गुंडाळलेला चाकू आहे. तो मी त्यांना दिलेला पहिला चाकू. लग्नाच्या पाचव्या वाढदिवसासाठी तो ऑनलाइन मागवला होता. पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी सुंदर नक्षी होती, सोबत ‘अस्सल दमास्कस’ असा छापील कागद होता आणि मखमल लावलेली पेटीही होती. त्यांनी तो हातात घेतला, मनापासून आनंद दाखवला आणि नेहमीच्या सवयीने खिडकीशी जाऊन पात्याची पाठ उजेडात धरली. नक्षी दोन्ही अंगांवर होती. पाठीपाशी येताच मात्र ती एकदम थांबत होती आणि तिथे साधे, एकरंगी पोलाद दिसत होते. ते काही बोलले नाहीत. त्या पाठीवरून सावकाश फिरलेले त्यांचे बोट पाहून मला जे समजायचे ते समजले.

त्यानंतरच्या नऊ वर्षांत मी त्यांना चार चाकू आणि एक अडकित्ता दिला. हे पाचही नग कपाटाच्या वरच्या खणांत आहेत. या काळात जे शिकले ते ज्या क्रमाने करावे लागते त्याच क्रमाने इथे मांडत आहे. बहुतेक लोक सुरुवात दुकानापासून किंवा बजेटपासून करतात आणि तिथेच चुकतात. सुरुवात जोडीदाराच्या खणापासून करावी, आणि एकूण वेळेतला निम्मा वेळ तिथेच घालवावा.

आधी संग्रह वाचावा

ज्याला चाकूंची आवड आहे तो महिन्या-दोन महिन्यांतून एकदा ते बाहेर काढून पुसतो, तेल लावतो. त्या वेळी शेजारी बसावे. प्रश्न विचारण्याची घाई करू नये. कोणता चाकू आधी उचलला जातो, कोणता हातात जास्त वेळ राहतो आणि कोणता नुसता पुसून परत ठेवला जातो, एवढे पाहिले तरी पुष्कळ कळते. नंतर निवांतपणे प्रत्येक खणाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा आणि फोटोत शिंप्याची मोजपट्टी किंवा साधी पट्टी दिसेल असे पाहावे. दुकानात उभे राहिल्यावर ‘साधारण एवढा होता’ या अंदाजाचा काहीच उपयोग होत नाही.

या नोंदी करताना काही गोष्टी मुद्दाम पाहाव्यात. पाते मिटणारे आहे की अखंड आहे, पात्याची लांबी किती आहे, मूठ लाकडी आहे, शिंगाची आहे की कृत्रिम पदार्थाची आहे, पात्यावर कोणाची खूण आहे, आणि धारेवर दगडाचे बारीक ओरखडे आहेत की ती कारखान्यातून आली तशीच आहे. ओरखडे असतील तर तो चाकू वापरात आहे किंवा निदान मालक त्याला स्वतः धार लावतो. सगळेच चाकू कोरे असतील तर जोडीदार बघण्यासाठी जमवतो. त्याला बॉक्स, कागदपत्रे आणि निर्दोष पृष्ठभाग यांचे महत्त्व जास्त असणार.

मग या सगळ्यांना जोडणारा धागा शोधावा. कोणी एकाच कारखान्याची मालिका पूर्ण करत असतो, कोणी एकेका देशाचा पारंपरिक चाकू जमवतो, कोणाला चाकू उघडण्याच्या आणि अडकण्याच्या यंत्रणेचे कुतूहल असते, तर कोणाला पोलादाचे. माझ्या पतींच्या खणांत फिनलंडचा पुक्को, जपानच्या ह्योगो प्रांतातील मिकी गावचा हिगोनोकामी, फ्रान्सच्या साव्वा भागातील ओपिनेल आणि कोडगूची पिचंगत्ती शेजारी शेजारी आहेत. सुरुवातीला मला त्यांत काहीच साम्य दिसत नव्हते. पुढे लक्षात आले की हे सगळे शेतकरी, लाकूडतोडे, शाळकरी मुले अशा साध्या माणसांच्या कमरेला किंवा खिशात असलेले चाकू आहेत. तो धागा हाती लागल्यावर दुकानातल्या शंभर वस्तूंपैकी नव्वद आपोआप बाजूला पडल्या.

रिकाम्या जागेबद्दल एक सावधगिरी सांगते. संग्रहात एखादी वस्तू नाही म्हणजे ती हवीच आहे असे नाही. ओपिनेलचेच पाहा. जोसेफ ओपिनेल यांनी 1890 मध्ये हा चाकू बनवायला सुरुवात केली आणि पुढे त्याचे 1 ते 12 असे क्रमांकवार आकार ठरवले. त्यांतले 1 आणि 11 हे आकार नंतर उत्पादनातून वगळले गेले. ज्याच्या खणात 2 ते 10 आणि 12 ओळीने मांडलेले आहेत त्याची मालिका त्याच्या दृष्टीने पूर्ण असू शकते, आणि आपण मात्र ‘अकरा नंबर राहिला’ म्हणून बाजार पालथा घालत बसतो. उलट जे दोन चाकू आपल्याला एकसारखे दिसतात ते त्याच्या लेखी दोन वेगळ्या वस्तू असतात. आठ नंबरचा ओपिनेल कार्बन पोलादात मिळतो आणि गंजरोधक पोलादातही मिळतो. दोन्हींचे पाते साडेआठ सेंटिमीटरचे, दोन्हींवर मुकुट घातलेल्या हाताची तीच खूण, पण संग्राहक दोन्ही ठेवतो. म्हणून ‘हा आहेच’ असे म्हणण्यापूर्वी पात्यावरची बारीक अक्षरे वाचावीत.

काही गोष्टी संग्रहात मुद्दाम नसतात. माझे पती सर्व चाकूंना दगडावर धार लावतात, त्यामुळे दातेरी धारेचा एकही चाकू ते घेत नाहीत. हे मला त्यांना थेट विचारावे लागले नाही. एका प्रदर्शनात त्यांनी असा चाकू हातात घेऊन लगेच खाली ठेवला तेव्हा मी सहज कारण विचारले. भेट गुपित ठेवायची असेल तर अशा प्रसंगांची वाट पाहावी आणि त्यासाठी दोन-तीन महिने हाताशी ठेवावेत.

कायद्याची मोजपट्टी

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी वगळू नये, कारण चुकीची वस्तू घरात आणली तर त्रास जोडीदाराला होतो. शस्त्र अधिनियम 1959 आणि त्याखालील नियमांत तलवार, खंजीर, संगीन, भाला यांच्याबरोबरच 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याचे सुरे आणि कुकऱ्या शस्त्रांच्या यादीत धरल्या आहेत. घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली अवजारे त्यातून वगळली आहेत. म्हणजे साधारण 22.8 सेंटिमीटर लांबी आणि 5 सेंटिमीटर रुंदी ही मर्यादा मनात पक्की ठेवावी. लांबी सांगताना विक्रेते कधी पाते मोजतात, कधी मुठीसकट पूर्ण चाकू मोजतात, त्यामुळे दोन्ही मापे लिहून मागावीत. नेपाळी कुकरी घेताना हे विशेष पाहावे लागते. नेहमीच्या आकाराच्या कुकरीचे पाते रुंदीत किंवा लांबीत ही मर्यादा सहज ओलांडते. कुकरीच द्यायची असेल तर लहान आकाराची घ्यावी, आणि म्यानात तिच्यासोबत असणारे कर्दा (छोटी सुरी) आणि चकमक (धार घासण्याचे बोथट पाते) हे दोन छोटे नग आहेत का ते तपासावे. संग्राहकाला त्यांच्याशिवाय ती अपुरी वाटते.

बटण दाबताच स्प्रिंगने पाते बाहेर फेकणारा, रामपुरी धाटणीचा चाकू मी भेटीच्या यादीतून पूर्ण वगळते. त्याच्या इतिहासाचे आकर्षण मला समजते, तरीही तो घरी आणणे आणि बाळगणे यांत जोखीम आहे. स्वयंपाकघराबाहेरच्या कोणत्याही चाकूबाबत शंका असेल तर विकत घेण्याआधी आपल्या भागातील पोलीस ठाण्यात चौकशी करावी.

घरी ठेवणे आणि रस्त्यावर घेऊन फिरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 च्या कलम 37 खाली शहरात वेळोवेळी मनाई आदेश निघतात, विशेषतः सणांच्या आणि निवडणुकांच्या काळात, आणि त्यांत सार्वजनिक जागी सुरे बाळगण्यास बंदी असते. पुण्यात कोयत्याने झालेल्या हल्ल्यांनंतर धारदार वस्तूंच्या विक्रीकडेही पोलिसांचे लक्ष आहे. म्हणून खरेदी केलेला चाकू बिलासह, बंद खोक्यात, थेट घरी आणावा. तो पर्समध्ये टाकून आधी जंगली महाराज रस्त्यावर जेवायला जाणे मी टाळते. विमानाने आणायचा असेल तर तो हातातल्या सामानात चालत नाही. नीट गुंडाळून चेक-इन सामानात द्यावा.

परदेशातून मागवण्याचा विचार असेल तर एक गैरसमज दूर करावा. टपालाने किंवा कुरिअरने ‘भेट’ म्हणून आलेल्या वस्तूंना पूर्वी मिळणारी शुल्कमाफी डिसेंबर 2019 पासून राखी आणि जीवरक्षक औषधे वगळता बंद झाली आहे. शुल्क पूर्ण भरण्याची तयारी ठेवूनही सीमाशुल्क अधिकारी चाकू अडवून धरू शकतात. तारीख ठरलेली भेट या मार्गाने मागवू नये. भारतात अधिकृत विक्री असलेला ब्रँड किंवा देशी कारागीर हा खात्रीचा मार्ग आहे.

मुठीच्या बाबतीतही कायदा आडवा येतो. हस्तिदंताचा व्यापार भारतात पूर्णपणे बंद आहे आणि सांबरशिंगाचाही बंद आहे, अगदी गळून पडलेल्या शिंगाचासुद्धा. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 मध्ये त्याला जागा नाही. जुन्या वस्तूंच्या दुकानात ‘साहेबांच्या काळातली शिंगाची मूठ’ म्हणून जे दाखवले जाते ते कितीही देखणे असले तरी घेऊ नये. म्हशीचे शिंग, शिसव, बाभूळ, पितळ यांच्या मुठी तितक्याच सुंदर असतात. मूठ कशाची आहे हे बिलावर लिहून घ्यावे.

पोलादाबद्दल पुरेसे ज्ञान

संग्राहकाइतके ज्ञान मिळवण्याचा प्रयत्न करू नये, पण विक्रेता काय बोलतो आहे हे समजण्याइतके तरी असावे. पात्याच्या पोलादात कार्बन साधारण 0.6 ते 1.5 टक्क्यांच्या आसपास असतो आणि कडकपणा त्यातून येतो. क्रोमियम साडेदहा-अकरा टक्क्यांच्या वर गेले की पोलाद गंजाला तोंड देऊ लागते. हे दोन्ही एकमेकांशी झगडतात, कारण कार्बन क्रोमियमला आपल्याकडे ओढून घेतो. म्हणूनच डी-टू नावाच्या पोलादात क्रोमियम 12 टक्क्यांच्या आसपास असूनही त्याला पूर्ण गंजरोधक म्हणत नाहीत. विक्रेता डी-टूचे पाते ‘कधीच गंजणार नाही’ असे सांगू लागला तर त्याच्या बाकीच्या बोलण्याकडेही सावधपणे पाहावे.

कडकपणा रॉकवेल या मापाने सांगतात. जर्मन धाटणीच्या स्वयंपाकाच्या सुऱ्या साधारण 56 ते 58 च्या दरम्यान असतात, जपानी सुऱ्या 60 च्या पुढे. आकडा जितका मोठा तितकी धार बारीक लागते आणि जास्त टिकते, पण पाते ठिसूळ होते. नारळावर किंवा हाडावर मारले तर धारेचा कपचा उडतो. त्यामुळे आकडा मोठा म्हणजे चाकू चांगला असे समीकरण मांडू नये. वापरणारा कशासाठी वापरतो, यावर ते ठरते.

साधे कार्बन पोलाद की गंजरोधक, हा प्रश्न पुण्याच्या हवेत खरोखर महत्त्वाचा आहे. आजीच्या लोखंडी विळीवर कैरी चिरली की पाते कसे काळवंडायचे ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना कार्बन पोलादाचा स्वभाव वेगळा सांगायला नको. सफरचंद, कांदा, लिंबू यांच्या स्पर्शाने त्यावर निळसर-करडी झाक चढते. ती झाक म्हणजे गंज नव्हे. उलट ती तांबड्या गंजाला थोडीफार अडवते आणि अनेक संग्राहक ती जपतात. माझ्या पतींच्या आठ नंबरच्या ओपिनेलवर टोकाकडे गर्द निळा आणि मुठीकडे राखाडी असा पट्टा आहे. एकदा मी तो भांड्यांच्या घासणीने स्वच्छ करायला घेतला होता आणि त्यांनी धावत येऊन माझा हात धरला होता. जोडीदाराच्या खणात अशी झाक चढलेली पाती असतील तर कार्बन पोलाद निःशंक घ्यावे. सगळी पाती आरशासारखी असतील तर गंजरोधक घ्यावे, कारण जून ते सप्टेंबर या महिन्यांत कार्बन पाते दुर्लक्षित राहिले तर दोन दिवसांत तांबडे ठिपके दिसू लागतात.

दमास्कस नावाच्या मोहात पडण्यापूर्वी

मी फसले ते इथेच, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. या नावाखाली आज दोन वेगळ्या गोष्टी येतात. एक म्हणजे दक्षिण भारतात पूर्वी मुशीत बनणारे, जगभर वूट्झ नावाने ओळखले गेलेले पोलाद. त्याच्या गाभ्यातच सूक्ष्म थर असतात आणि घडवताना नक्षी आपोआप उमटते. बाजारात जे मिळते ते बहुतेक दुसरे, म्हणजे दोन प्रकारच्या पोलादांच्या पट्ट्या तापवून, घणाखाली एकजीव करून, पुन्हा पुन्हा घडी घालून बनवलेले. त्यांतल्या एका पोलादात निकेल जास्त असते. शेवटी पाते आम्लात बुडवले की एक पोलाद काळे पडते, निकेलवाले चकचकीत राहते आणि लाटा दिसू लागतात. हे खरे कौशल्याचे काम आहे. तिसरा प्रकार म्हणजे साध्या पात्यावर आम्लाने किंवा लेझरने वरवर काढलेली नक्षी, आणि तीच माझ्या वाट्याला आली होती.

ओळखण्याची रीत सोपी आहे. पात्याची पाठ पाहावी. खऱ्या घडणीत थर एका अंगावरून पाठीवर चढून दुसऱ्या अंगावर उतरतात, जसे लाकडाचे रेषे फळीच्या कडेवरही दिसतात. दोन्ही अंगांवरची नक्षी एकमेकींची हुबेहूब छबी असेल तर ती छापलेली आहे. कारागिराला दोन्ही पोलादांची नावे विचारावीत. ज्याने घडवले तो ती क्षणात सांगतो. ऑनलाइन घ्यायचे असेल तर पाठीचा जवळून काढलेला फोटो मागावा, आणि तो देण्यास टाळाटाळ झाली तर तिथेच थांबावे. दहापट मोठे दाखवणारे भिंग फारसे महाग नसते. ते सोबत ठेवावे, पुढे तेही भेटीत घालता येते.

हात, मूठ आणि लॉक

जोडीदार डावखुरा असेल तर बहुतेक दुकानदार हा मुद्दा स्वतःहून काढणार नाहीत, म्हणून आपणच काढावा. जपानी यानागिबा, देबा, उसुबा या सुऱ्यांची धार एकाच बाजूने उतरवलेली असते आणि ती उजव्या हातासाठी असते. डावखुऱ्यासाठी त्याच सुऱ्या मुद्दाम उलट बनवून घ्याव्या लागतात. घडीच्या चाकूंतही लायनर लॉक नावाची जी पातळ पट्टी पात्याला मागून अडवते ती उजव्या अंगठ्याने बाजूला सारण्यासाठी असते. त्याउलट पाठीवर दाबून मिटणारे बॅक लॉक किंवा ओपिनेलवर 1955 पासून असलेली फिरणारी कडी कोणत्याही हाताला सारखीच चालते.

दुकानात घडीचा चाकू हातात घेतल्यावर पाते उघडून हलक्या हाताने डावीकडे-उजवीकडे आणि वर-खाली ढकलून पाहावे. ते किंचितही डुलता कामा नये. मिटताना पाते दोन पट्ट्यांच्या बरोबर मधोमध बसते का, तेही पाहावे. अखंड पात्याच्या चाकूत पाते मुठीत किती खोल शिरले आहे हे महत्त्वाचे असते. पोलाद मुठीच्या टोकापर्यंत गेलेले असेल तर तो टिकतो. मुठीचे रिवेट बोटाला लागत नाहीत ना, लाकूड आणि पोलाद यांच्या सांध्यात फट नाही ना, हे डोळे मिटून बोटाने तपासावे. बोटाला फट डोळ्यांपेक्षा आधी सापडते.

मुठीचा आकार मोजण्यासाठी जोडीदाराच्या हातमोज्याचा किंवा त्याच्या सर्वांत आवडत्या चाकूच्या मुठीचा घेर दोऱ्याने मोजून न्यावा. मी तसे केले होते, आणि त्यामुळे दिसायला सरस असलेली एक शिसवी मूठ नाकारून थोडी जाड बाभळीची घेतली.

पुण्यात कुठे पाहावे

नव्या, परदेशी ब्रँडच्या घडीच्या चाकूंसाठी अधिकृत विक्रेत्याकडेच जावे, कारण या चाकूंच्या नकला पुष्कळ आहेत आणि संग्राहक त्या हातात घेताच ओळखतो. स्विस चाकू हे सर्वांत सुरक्षित दिसणारे पर्याय आहेत. कार्ल एल्सनर यांनी 1884 मध्ये इबाख येथे कारखाना सुरू केला आणि 1891 मध्ये स्विस सैन्याला पहिले चाकू दिले, त्यामुळे या चाकूंना इतिहासही आहे. पण म्हणूनच ते जोडीदाराकडे आधीच असण्याची शक्यता जास्त असते. घ्यायचाच असेल तर नेहमीच्या लाल मुठीऐवजी धातूच्या खडबडीत मुठीची, त्या त्या वर्षापुरती काढलेल्या रंगाची आवृत्ती पाहावी. तुमच्या आयुष्यातल्या एखाद्या खास वर्षाची मिळाली तर फारच उत्तम.

बोहरी आळीत हत्यारे-अवजारांची दुकाने ओळीने आहेत. तिथे भेट देण्याजोगा चाकू क्वचित मिळतो, पण धार लावण्याचे दगड, चामडे, पितळी पट्टी, रिवेट असे सोबतचे साहित्य उत्तम मिळते. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात मी अनेकदा सकाळी लवकर गेले आहे. तिथे जुन्या घडीच्या सुऱ्या, न्हाव्याचे वस्तरे, अडकित्ते, मोडक्या मुठीची पाती ढिगात पडलेली असतात. पारख असेल तर ते ठिकाण मोलाचे आहे. नसेल तर निदान जोडीदाराला सोबत घेऊन जावे आणि त्याने निवडलेल्या वस्तूचे पैसे आपण द्यावेत, ही सुद्धा भेटच झाली.

खरोखर जुनी कट्यार, बिचवा किंवा खंजीर कोणी विकायला काढला तर हुरळून जाऊ नये. त्यावर शस्त्र अधिनियम लागू होऊ शकतो, आणि वस्तू शंभर वर्षे किंवा त्याहून जुनी असेल तर पुरावशेषांसंबंधीचा 1972 चा कायदाही लागू होतो. अशा वस्तूंचा व्यापार करणाऱ्याकडे परवाना असावा लागतो आणि वस्तू देशाबाहेर नेता येत नाही. विक्रेत्याकडे कागद नसतील तर ती वस्तू घेऊ नये.

मी दिलेल्या भेटींपैकी त्यांना सर्वांत आवडलेली वस्तू कोणती, असे विचारले तर ते अडकित्त्याचे नाव घेतात. बाजीराव रस्त्याजवळच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचा संग्रह आहे. तो पाहताना माझे पती एका कपाटासमोर इतका वेळ उभे राहिले की मला पुढच्या दालनात जाऊन परत यावे लागले. अडकित्ता म्हणजे बिजागरीवर फिरणारे पाते आणि मूठ. माणसाच्या हातासाठी घडवलेली, घरोघरी असलेली धारदार वस्तू. त्यांच्या संग्रहाच्या धाग्यात तो अगदी बरोबर बसत होता आणि त्यांनी स्वतः त्याचा कधी विचार केला नव्हता. मी ओळखीच्या एका कुटुंबाकडून पितळी हातांचा, पोलादी पात्याचा एक जुना, वापरातला अडकित्ता रीतसर विकत घेतला. त्याची धार अजून सुपारीचे पातळ काप करते.

कारागिराकडून बनवून घेताना

भारतात आज हाताने चाकू घडवणारे चांगले कारागीर आहेत आणि संग्राहकासाठी हा सर्वांत अर्थपूर्ण मार्ग आहे, मात्र त्याला वेळ लागतो. तीन ते सहा महिने आधी बोलणे सुरू करावे. कारागिराशी ठरवताना पोलादाचे नाव, पात्याची लांबी, रुंदी आणि पाठीची जाडी, मुठीचे साहित्य, म्यान आणि पात्यावरची खूण या सगळ्या गोष्टी लिहून घ्याव्यात. त्याला पाणी देण्याची पद्धत जरूर विचारावी. तापलेले पाते तेलात विझवल्यानंतर ते पुन्हा मंद उष्णतेवर ठेवून ठिसूळपणा काढावा लागतो. हे काम कोणत्या तापमानाला, किती वेळ केले हे जो नेमके सांगतो त्याच्याकडे पैसे द्यावेत. आपल्याकडे रस्त्याकडेला भाता लावून विळे-कोयते घडवणारे घिसाडी कारागीरही गाड्यांच्या कमानपट्ट्यांपासून सुंदर पाती करतात, आणि साध्या माणसांचे चाकू जमवणाऱ्याला अशी ओबडधोबड पण जिवंत वस्तू महागड्या चाकूपेक्षा जास्त आवडू शकते.

मी बनवून घेतलेल्या चाकूत एक गोष्ट मुद्दाम अर्धवट ठेवली होती. पाते तयार करून घेतले आणि मुठीसाठी लाकडाचे तीन तुकडे सोबत ठेवले. निवड त्यांनी केली, आणि मूठ बसवून घेण्यासाठी आम्ही दोघे मिळून कारागिराकडे गेलो. संग्राहकाला निर्णय घेणे आवडते. तो आनंद त्याच्याकडून काढून घेऊ नये.

पात्यावर नाव किंवा तारीख कोरायची असेल तर आधी दोनदा विचार करावा. बनवून घेतलेल्या चाकूवर मुठीच्या टोकाला बारीक तारीख शोभते. मालिकेतल्या किंवा जुन्या चाकूवर मात्र काहीही कोरू नये. तुमचा मजकूर वेगळ्या चिठ्ठीवर लिहावा.

देताना आणि दिल्यानंतर

सुरी-कात्री कुणाच्या हातात थेट देऊ नये, भांडण होते, हे आपल्या घरांत पूर्वापार सांगितले जाते. पाटावर किंवा टेबलावर ठेवावी आणि समोरच्याने उचलावी. युरोपात चाकूची भेट घेणाऱ्याने देणाऱ्याला एक नाणे परत देण्याची चाल आहे, म्हणजे भेट ही खरेदी ठरते आणि नाते कापले जात नाही. माझ्या सासूबाईंना ही गोष्ट इतकी आवडली की आता आमच्याकडे रुपयाचे नाणे दिल्याशिवाय चाकूचे खोके उघडत नाही. ती चारही नाणी मी जपून ठेवली आहेत. दिवस निवडायचा असेल तर वाढदिवसापेक्षा मी खंडेनवमी सुचवेन. त्या दिवशी घरातली अवजारे धुऊन-पुसून पूजेला मांडतात, आणि जोडीदाराचा सगळा संग्रह आपोआप पाटावर आलेला असतो. नवा चाकू त्यांच्या रांगेत ठेवून द्यावा आणि त्याला तो स्वतः सापडू द्यावा.

खोक्यात चाकूबरोबर बिल, पोलादाची माहिती आणि तेलाची छोटी बाटली ठेवावी. औषधाच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन या कामाला उत्तम असते. शेंगदाण्याचे किंवा सूर्यफुलाचे तेल काही आठवड्यांत चिकट होते, आणि खोबरेल पुण्याच्या थंडीत थिजून बिजागरीत बसते. चामड्याचे म्यान देखणे असले तरी चाकू कायमचा त्यात ठेवू नये. चामडे कमावताना वापरलेली द्रव्ये आणि हवेतली ओल यांनी पाते आतल्या आत गंजते. म्यान शेजारी ठेवावे, पाते तेलाचा हात फिरवून मऊ कापडात गुंडाळावे आणि खणात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकाव्यात. त्या पुड्या आषाढात एकदा बदलाव्यात.

धार कमी झाली म्हणून चाकू दारावर येणाऱ्या धारवाल्याकडे देऊ नये. त्याच्या कात्र्यांच्या कामाबद्दल मला आदर आहे, पण कोरड्या फिरत्या चाकावर पातळ पात्याची धार क्षणात तापते आणि तिचे पाणी उतरते. पाते कडेला निळे पडलेले दिसले तर ते झालेच असे समजावे. त्याऐवजी एक हजार आणि सहा हजार ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांच्या बारीकपणाचा आकडा) दुहेरी दगड भेटीसोबत द्यावा, जोडीदाराकडे आधीच नसेल तर.

पावसाळ्यात दिलेला कार्बन पोलादाचा चाकू पहिल्या महिन्यात दर रविवारी एकदा उघडून बिजागरीच्या कोपऱ्यात आणि नावाच्या खुणेच्या खाचेत पाहावा. गंज सुरू होतो तो या दोन जागांपासून, आणि सुरुवातीला तो तेल लावलेल्या कापडाने पुसला तरी निघतो.